बँकेवर निर्बंध आलेत. पहिले ४५ दिवस वाया घालवू नका

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आमच्या तालुक्याच्या गावातल्या नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने अकरा दिवसांपूर्वी निर्बंध आणले. एका खातेदाराला मिळून १०,००० रुपयेच काढता येतात. वडिलांच्या एकट्याच्या नावावर बचत खात्यात १,४२,००० आणि दोन शाखांत तीन-तीन लाखांच्या दोन मुदत ठेवी आहेत, त्यांवर ३८,००० व्याज जमलंय. एका ठेवीवर त्यांनी दीड लाखाचं ठेवतारण कर्ज काढलं होतं, ते बाकी आहे. वडील आणि आई यांच्या संयुक्त नावाने व्याजासह ४,२२,००० आहेत, आईच्या एकटीच्या नावावर १,६८,०००. भाऊ म्हणतो, उसनवारी करून आधी कर्ज फेडू आणि पावती मोकळी करून घेऊ. गावातला एक जण पावत्या सत्तर टक्क्यांना विकत घ्यायला तयार आहे. कोणी सांगतं प्रत्येक पावतीला पाच लाखांचा विमा असतो, कोणी म्हणतं विमाबिमा काही मिळत नाही. बँक चालवणाऱ्या मंडळींच्याच पतसंस्थेतही वडिलांचे दोन लाख आहेत. मी पुण्यात नोकरी करते, शनिवार-रविवारीच गावी जाता येतं. नेमकं काय करू?

उत्तर : तुम्ही आकडे नीट दिलेत, त्यामुळे ठोस बोलता येईल. घाबरून चुकीचं काही केलं नाही, तर आई-वडिलांचे बँकेतले बहुतेक पैसे परत येतील. भावाने सुचवलेली गोष्ट मात्र करू नका. का ते पुढे सांगतो.

आधी निर्बंध म्हणजे काय ते. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५ अ खाली रिझर्व्ह बँक बँकेला नवीन कर्ज देण्यापासून, नवीन ठेवी घेण्यापासून आणि ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे देण्यापासून थांबवते. आदेश साधारण सहा महिन्यांचा असतो आणि तो वाढवता येतो. परवाना रद्द होणं ही निराळी गोष्ट. आदेशात तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं. त्याची प्रत शाखेत लावलेली असते आणि रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरही मिळते. ती स्वतः वाचा. प्रत्येक बँकेचा आदेश वेगळा असतो, शेजारच्या तालुक्यातल्या बँकेला जे लागू होतं ते तुमच्या बँकेला लागू होईलच असं नाही.

आता विमा. हा विमा ठेव विमा आणि पत हमी महामंडळ देतं. ते रिझर्व्ह बँकेच्याच मालकीचं आहे. हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून तो वसूल करता येत नाही. १९६२ मध्ये सुरुवात झाली तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि पुढची सत्तावीस वर्षं तिथेच अडून राहिली. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे, म्हणजे पीएमसी बँकेचे, ठेवीदार २०१९ मध्ये रस्त्यावर उतरल्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाखांवर नेली गेली.

हे पाच लाख पावतीमागे नाहीत, खात्यामागे नाहीत, शाखेमागेही नाहीत. एका बँकेत, एका माणसाच्या, एकाच नात्याने असलेल्या सगळ्या ठेवींची बेरीज करायची, त्यात जमलेलं व्याज मिळवायचं आणि मग पाच लाखांची रेघ ओढायची. म्हणून वडिलांची एक पावती मुख्य शाखेत आणि दुसरी मार्केट यार्डात असल्याने काहीच फरक पडत नाही. वारसनोंद केल्यानेही विमा वाढत नाही. भावाचं दुकान त्याच्या एकट्याच्या मालकीचं असेल आणि दुकानाचं चालू खातं याच बँकेत असेल, तर तेही त्याच्या बचत खात्यात मिळवूनच मोजलं जाईल. भागीदारी पेढीचं खातं वेगळं धरतात.

संयुक्त खातं हे मात्र वेगळं नातं आहे. ‘वडील व आई’ या नावांची ठेव वडिलांच्या स्वतःच्या ठेवींत मिसळली जात नाही. गंमत म्हणजे नावांचा क्रम उलटा असला, ‘आई व वडील’ असा, तर ते तिसरं नातं होतं. तुमच्याकडे तशी ठेव दिसत नाही, पण पासबुकाच्या पहिल्या पानावरचा क्रम एकदा पाहून घ्या.

हिशेब मांडू. वडिलांचे एकट्याचे ७,८०,०००. संयुक्त ४,२२,०००, पूर्ण सुरक्षित. आईचे १,६८,०००, तेही पूर्ण सुरक्षित. म्हणजे प्रश्न उरला फक्त वडिलांच्या स्वतःच्या रकमेचा, आणि नेमका इथेच दीड लाखाच्या कर्जाचा संबंध येतो.

विम्याची रक्कम ठरवताना बँकेचं येणं आधी ठेवीतून वजा होतं आणि उरलेल्या रकमेवर पाच लाखांची मर्यादा लागते. ७,८०,००० मधून कर्जाचे १,५०,००० वजा केले की उरले ६,३०,०००. त्यातले पाच लाख विम्यातून मिळतील, १,३०,००० अडकतील. भावाने बाहेरून दीड लाख आणून कर्ज फेडलं, तर वजावट उरणार नाही. मग ७,८०,००० वर पाच लाखच मिळतील आणि २,८०,००० अडकतील. पावती कागदोपत्री मोकळी होईल, पण तिचे पैसे त्याच दाराआड राहतील, आणि वर उसनवारी डोक्यावर. म्हणजे आज ते कर्ज तुमच्या बाजूचं आहे. कर्जाचं थकीत व्याज असेल तर वजावट थोडी वाढेल, तेवढा फरक वरच्या आकड्यांत धरा.

त्याऐवजी बँकेला लेखी अर्ज द्या : ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या मुदत ठेवीतून अमुक क्रमांकाचं ठेवतारण कर्ज वळतं करून घ्यावं.’ बऱ्याच आदेशांत, काही अटींवर, ठेवीतून कर्ज वळतं करण्याची परवानगी बँकेला दिलेली असते. तुमच्या आदेशात ती ओळ आहे का ते पाहा. असेल तर कर्जावर चढत जाणारं व्याज थांबेल. नसेल तर अर्जाची शिक्का मारलेली पोच जपून ठेवा.

घरात कोणाचं याच बँकेचं दुसरं कर्ज असेल, घराचं किंवा गाडीचं, त्याचे हप्ते मात्र थांबवू नका. बँक अडचणीत आली म्हणून कर्ज माफ होत नाही. हप्ता चुकला की दंडव्याज लागतं आणि सिबिलवर डाग पडतो. त्या वेळी कोणी ‘बँकच बंद होती’ हे कारण ऐकून घेत नाही.

आता दिवसांचा हिशेब. २०२१ मध्ये ठेव विम्याच्या कायद्यात कलम १८ अ आलं आणि १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालं. त्याआधी परवाना रद्द होऊन बँक अवसायनात जाईपर्यंत, म्हणजे तिचा कारभार गुंडाळायला घेईपर्यंत, विम्याचा पैसाच सुटत नसे. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये, यावरून लोकांनी काय सोसलं असेल त्याची कल्पना करा. आता निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. पहिले ४५ दिवस बँकेला ठेवीदारांची यादी आणि दावे तयार करायला, पुढचे ३० दिवस महामंडळाला तपासणीला, शेवटचे १५ दिवस पैसे द्यायला. बँक दुसऱ्या बँकेत विलीन होण्याची शक्यता दिसली, तर रिझर्व्ह बँक ही मुदत आणखी ९० दिवस वाढवू शकते.

तुमचे ११ दिवस गेले, ३४ राहिले. ठेवीदाराच्या हातात असतात ते हेच दिवस. पैसे आपोआप येत नाहीत. ठेवीदाराने ‘मला विम्याची रक्कम हवी आहे’ असं संमतिपत्र बँकेत द्यावं लागतं. शाखेत त्याला विलिंगनेस फॉर्म म्हणतात. अजून आला नसेल, तर शाखाधिकाऱ्याकडे कधी येणार ते विचारा आणि दर शनिवारी विचारत राहा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते हे लक्षात ठेवून बेत आखा.

फॉर्म भरणं अवघड नाही, पण दावे अडतात ते बहुधा फालतू वाटणाऱ्या गोष्टींवर. पासबुकावर आजोबांचं नाव ‘ज्ञानू’ आणि आधारवर ‘ज्ञानदेव’. आईची पावती माहेरच्या नावावर. तीस वर्षांपूर्वी खातं उघडताना जन्मतारीखच लिहिलेली नाही. केवायसी दहा वर्षांपूर्वीचं, पॅन जोडलेलंच नाही. यातलं काही तुमच्याकडे असेल, तर फॉर्मची वाट न पाहता आधीच केवायसीचा अर्ज, आधार आणि पॅनच्या सही केलेल्या प्रती आणि नावातला फरक सांगणारं साधं स्वयंघोषणापत्र देऊन टाका.

विम्याची रक्कम दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जमा होते. ते खातं ठेवीदाराच्याच नावाचं हवं. आईचं दुसरीकडे खातं नसेल तर याच आठवड्यात पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत उघडा. ‘माझ्या खात्यात मागवू, मग त्यांना देऊ’ हा विचार मनातून काढा. नाव जुळलं नाही की रक्कम परत जाते. संयुक्त ठेवीच्या फॉर्मवर दोघांच्याही सह्या घ्या. आयएफएससी कोड हाताने लिहिताना शून्य आणि इंग्रजी ओ यांचा घोळ होतो. कोडमधलं पाचवं अक्षर नेहमी शून्यच असतं. रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाची प्रत सोबत जोडा म्हणजे वाद उरत नाही.

या शनिवारी गेलात की तीन कामं एकाच फेरीत होतील. सगळी पासबुकं निर्बंधांच्या तारखेपर्यंत भरून घ्या. प्रत्येक मुदत ठेवीचं त्या तारखेपर्यंतचं व्याज आणि कर्जाची बाकी लेखी मागा. पावत्यांच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मूळ पावती कोणी मागितली तर पोच घेतल्याशिवाय सोडू नका. रक्कम निर्बंध लागू झाल्याच्या तारखेनुसार मोजली जाते, म्हणून आता वडिलांची ठेव मोडून आईच्या किंवा तुमच्या नावावर करण्याच्या युक्तीचा काही उपयोग नाही. कोणी संचालक ‘मागच्या तारखेने करून देतो’ म्हणाला, तर तो तुम्हाला खोट्या कागदात अडकवतोय.

ते १०,००० रुपये काढायचे का? औषधपाण्याला लागत असतील तर जरूर काढा. नाहीतर रांगेत उभं राहायची गरज नाही. आता काढलेले पैसे पुढच्या विम्याच्या हिशेबात धरले जातात, ते जादा मिळत नाहीत. आजारपणासाठी जास्त रक्कम हवी असेल तर रुग्णालयाच्या कागदांसह अर्ज करून पाहा. तशी सवलत आदेशात असेल तरच मिळते.

खात्यात येणाऱ्या पैशांकडे लोकांचं लक्ष नसतं. पीएम किसान, नमो शेतकरी, गॅसचं अनुदान हे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातं. ते याच बँकेत असेल तर पुढचा हप्ता अडकेल किंवा परत जाईल. नव्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरला की जोडणी तिकडे वळते. जुन्या बँकेत जाऊन काढून घ्यावी लागत नाही. वडिलांचं ईपीएफचं निवृत्तिवेतन इथे येत असेल तर भविष्य निधी कार्यालयाला खातं बदलाचा अर्ज द्या. एलआयसीचा हप्ता, वीजबिल, एसआयपी या खात्यातून वळते होत असतील तर तेही बदला. लॉकरमधलं सोनं ही ठेव नव्हे, ते बँकेच्या हिशेबात येत नाही. लॉकर उघडायची वेळ मात्र शाखेत विचारून घ्या. आणि बँकेचे भाग, म्हणजे शेअर्स, वडिलांकडे असतील तर त्यांना विमा नाही. ते भांडवल आहे, ठेव नाही.

पावती सत्तर टक्क्यांना घेणाऱ्याला हात जोडा. तो धर्मादाय करायला आलेला नाही. पाच लाखांच्या आतली रक्कम त्याला द्यायची म्हणजे शंभर टक्के मिळणारा पैसा तीस टक्के तोट्यात विकायचा. वरच्या रकमेतही त्याचा डाव बहुधा असा असतो : बुडीत बँकेच्या कर्जदाराने स्वस्तात पावत्या गोळा करायच्या आणि पूर्ण किमतीला आपल्या कर्जात वळत्या करायच्या. जळगावच्या बीएचआर पतसंस्थेच्या प्रकरणात २०२० मध्ये पुणे पोलिसांनी कारवाई केली, तेव्हा ठेवीदारांच्या पावत्या कवडीमोल घेऊन कर्जात वळत्या केल्याचाच आरोप होता. तसंच, ‘महामंडळातून बोलतोय, विमा मंजूर झालाय, ओटीपी सांगा’ असा फोन येईल. दाव्याला शुल्क नाही, दलाल नाही, ओटीपी लागत नाही. वडिलांना हे दोनदा सांगा.

१,३०,००० चं काय होईल हे बँकेच्या पुढच्या वाटेवर अवलंबून आहे. चांगल्यात चांगलं म्हणजे सशक्त बँकेत विलीनीकरण. मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आले आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवीदारांचेही पैसे वाचले. पीएमसी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली, पण तिथे मोठ्या ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने ठरली. विलीनीकरण झालं नाही आणि परवाना रद्द झाला, तर अवसायक नेमला जातो. तो थकीत कर्जं वसूल करतो, तारण मालमत्ता विकतो. पण त्या वसुलीतून आधी महामंडळाने दिलेली रक्कम फेडावी लागते, मग पाच लाखांवरच्या ठेवीदारांचा नंबर लागतो. म्हणून या १,३०,००० वर पुढच्या चार-पाच वर्षांतला कोणताही खर्च लावू नका.

पैसे हातात आले की सगळे पुन्हा एकाच ठिकाणी ठेवायचा मोह होईल. मर्यादेत व्याजही येतं हे विसरू नका : ४,३०,००० रुपये आठ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने दोन वर्षं ठेवले की ५,०३,००० च्या वर जातात. वडिलांच्या वयाला पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सोयीची. सरकारची हमी, दर तिमाहीला व्याज हातात, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. सहकारी बँकेत ठेवायचेच असतील तर दुसऱ्यांपेक्षा पाऊण-एक टक्का जास्त व्याज का देते, हे तिच्या वार्षिक अहवालात शोधा. भांडवल पर्याप्तता (सीआरएआर), म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल किती ते प्रमाण, १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या लहान बँकेत किमान ९ टक्के आणि त्याहून मोठ्या बँकेत १२ टक्के लागते. निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा जाता उरलेली थकीत कर्जं, तीन टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. आणि शेवटी बारीक टाइपातला लेखापरीक्षकांचा शेरा वाचा. तिथे ‘तरतूद कमी’ असे शब्द दिसले, तर पहिल्या पानावरच्या नफ्याला फारसा अर्थ नाही. दुसरीकडे, ‘अमुक बँकेला रिझर्व्ह बँकेचा दोन लाखांचा दंड’ या बातमीने पळू नका. दंड आणि निर्बंध यांत फार अंतर आहे.

तुमच्या इमारतीची सोसायटी अशाच बँकेत सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी, ठेवत असेल तर एवढं त्यांच्या कानावर घाला : सभासद पन्नास असोत की दोनशे, सोसायटी हा एकच ठेवीदार आहे आणि तिला विमा पाच लाखांचाच.

राहिली पतसंस्था. नाव सारखं, मंडळी तीच, तरी ती बँक नाही. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही आणि वरचा विमा तिथल्या दोन लाखांना लागू नाही. तिच्यावर देखरेख सहकार खात्याची. ठेवीची मुदत भरली असेल तर आधी संस्थेकडे लेखी मागणी करा. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, प्रत जिल्हा उपनिबंधकाला, अशी तक्रार द्या. सोबत पावतीची आणि मागणीपत्राच्या पोचेची प्रत जोडा. संस्था बहुराज्यीय असेल तर मात्र राज्याचा निबंधक हात वर करील. तिची तक्रार दिल्लीत केंद्रीय निबंधकाकडे करावी लागते. पावतीवर नोंदणी क्रमांकाच्या आसपास ‘मल्टिस्टेट’ शब्द आहे का ते आधी पाहा. फसवणूक दिसत असेल तर ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठीचा १९९९ चा राज्याचा कायदा, म्हणजे एमपीआयडी, पतसंस्थांच्या प्रकरणांत वापरला जातो. त्यात संचालकांच्या मालमत्ता जप्त होऊ शकतात. पण तिथे वर्षं जातात. पतसंस्था आज सुरळीत पैसे देत असेल, तर मुदतीची वाट न पाहता, व्याजात थोडं नुकसान सोसूनही, येत्या सोमवारीच वडिलांना ती ठेव मोडायला सांगा. बँकेची बातमी अजून त्या काउंटरपर्यंत पुरती पोचलेली नसेल.